माका की दगडी पाला? तेलाला कुठला, जखमेला कुठला

पावसाळ्यात सांगलीकडे घरोघरी माक्याचं तेल काढतात, आणि माका समजून बऱ्याचदा दगडी पालाच पिशवीत येतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, दोघांची पानं समोरासमोर, अंगावर खरखरीत लव. फसायला एवढं पुरतं.

फूल बघा. दगडी पाल्याची, म्हणजे एकदांडीची, दांडी वीतभर सरळ वर येते आणि टोकाला एकच फूल. मधे पिवळं, कडेला पाचेक फिकट पाकळ्या, प्रत्येकीला तीन दाते. बी पिकलं की केसाळ पिसाऱ्यावर उडून जातं. माक्याचं फूल शर्टाच्या बटणाएवढं, पांढरं, आखूड देठावर. पिवळ्या फुलाचाही माका असतो, पण नेहमीच्या तेलाचा तो नव्हे. फूल नसेल तर कोवळा देठ बोटांत चुरडा. माक्याचा रस बघता बघता काळपट होतो, बोटंही काळी पडतात. माझा भरवसा याच खुणेवर.

जागाही वेगळ्या. माका ओलीचा: कृष्णाकाठचा गाळ, उसाचा पाट. एकदांडी माण-जतकडच्या मुरमाड बांधावरही तग धरते.

केसांसाठी माकाच घ्या. जुन्या पद्धतीत एक भाग कल्क (म्हणजे वाटलेला पाला), चार भाग तेल, सोळा भाग रस. घरी रस एवढा निघत नाही, कमी घेतला तरी चालतो. मात्र पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं. म्हणून मंद आच, आणि चरचर पूर्ण थांबेपर्यंत गाळायची घाई नको. हे तेल लावून डोकं थंड वाटतं, केस मऊ राहतात. पिकलेले केस काळे होतील अशी आशा मी कुणाला लावणार नाही.

शेतात विळा लागला तर आपल्याकडे दगडी पाला चोळून लावतात. किरकोळ खरचटण्यापुरतं ठीक, तेही स्वच्छ धुतलेला पाला. जखम खोल असेल, माती किंवा गंजका खिळा गेला असेल, तर पाला लावत बसू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पोटात घ्यायचं असेल तर दोन्हींपैकी काहीही वैद्याला दाखवूनच.

आणि उसातला माका तोडण्याआधी शेतमालकाला विचारा, तणनाशक मारलंय का. गटाराकाठचा कितीही टवटवीत दिसला तरी सोडून द्या.