तेलाच्या डागावर भांड्यांचं लिक्विड: कुठे चालतं, कुठे अडतं

स्वयंपाकाचं तेल किंवा लोणी सुती कपड्यावर नुकतंच सांडलं असेल, तर डाग काढायची वेगळी बाटली आणायची गरज नाही. हाताने भांडी घासायचं साधं लिक्विड हे काम चोख करतं. अशा डागांसाठी त्याला पाचपैकी साडेचार गुण. गाडीच्या ग्रीसला दोन. आणि रेशमावर ते लावूच नये.

गुण कमीजास्त पडतात ते बहुतेक वेळा लावायच्या पद्धतीमुळे. लिक्विडमधल्या सर्फेक्टंटच्या रेणूचं एक टोक तेलात घुसतं, दुसरं पाण्याला धरतं, आणि तेलाचे बारीक थेंब सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. धुण्याच्या पावडरीतही सर्फेक्टंट असतंच, पण ते बादलीभर पाण्यात पातळ होतं. इथे ते नेमकं डागावर, घट्टच्या घट्ट पडतं. म्हणून कपडा कोरडा असतानाच लावायचं. डाग दिसल्या दिसल्या नळाखाली धरला की धागे पाणी पिऊन बसतात, आणि लिक्विड तेलापर्यंत पोचायच्या आधीच पातळ होतं. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आधी वरचं तेल टिपकागदाने दाबून घ्या. घट्ट लोणी असेल तर चमच्याच्या कडेने उचला. चोळू नका, चोळल्याने डाग पसरतो. तेल जास्त असेल तर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लॉर जाडसर पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि झटकून टाका. पावडर वरचं तेल शोषते, धाग्यात मुरलेलं नाही. मग डागाखाली जुन्या टॉवेलची घडी सरकवा, नाहीतर तेल शर्टाच्या पाठीवर उतरतं. नाण्याएवढ्या डागाला पाच-सहा थेंब पुरतात. बोटाने कडेकडून मध्याकडे हलकेच जिरवा, उलट्या बाजूनेही लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. लिक्विड वाळू देऊ नका. वाळलं तर त्याचीच कड उमटते. नंतर लेबल परवानगी देत असेल तर ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्याने, कपडा उलटा धरून, मागच्या बाजूने विसळा. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे गार पाण्यात ते नुसतं थिजून बसतं. शेवटी नेहमीसारखं धुवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओल्या कपड्यात तेलाचा डाग दिसत नाही. कोरड्या कापडात धाग्यांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि कापड फिकं दिसतं. तेल ती जागा भरतं म्हणून तेवढा भाग गडद दिसतो. पण पाणीही तेच करतं, त्यामुळे ओलं असताना सगळा कपडा सारखाच गडद. डाग गेला असं समजून कपडा ड्रायरमध्ये टाकला किंवा इस्त्री फिरवली की उरलेलं तेल पक्कं होतं. उष्णतेने तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग वेगाने होतो, रेणू एकमेकांत गुंततात आणि पिवळट, चिकट थर धाग्याला धरून बसतो. म्हणून सावलीत दोरीवर वाळवा, खिडकीशी तिरप्या उजेडात धरून बघा, आणि डागाची पुसट छटा दिसली तर पुन्हा कोरड्यावर लिक्विड. दोन-तीन फेऱ्या लागणं हे अगदी नेहमीचं आहे.

तक्रारीही आहेत. गडद रंगाचं लिक्विड पांढऱ्यावर छटा सोडू शकतं, त्यामुळे बिनरंगी घ्या. फेस फार होतो. नीट न विसळता पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये कपडा घातला तर फेसाच्या गादीमुळे कपडे आपटतच नाहीत आणि धुलाई अर्धवट राहते. पॉलिस्टर हट्टी असतं, कारण तो धागा पाण्याला दूर ठेवतो आणि तेलाला जवळ करतो. तिथे अर्धा तास द्या. आणि डिशवॉशर यंत्राची पावडर किंवा गोळी कपड्याला चुकूनही लावू नका. तिच्यात तीव्र क्षार असतो, बरेचदा ब्लीचही. भांड्यांच्या वडीतले खरखरीत कण धागा खरवडतात, तीही नको.

जुन्या, एकदा धुऊन गेलेल्या डागाला लिक्विडपेक्षा एन्झाइमवाली पावडर बरी. तिच्यात लायपेज आहे का ते बघा. कपडे धुण्याच्या पावडरीसाठी बनवलेलं लायपेज १९८८ मध्ये बाजारात आलं. ते स्निग्ध पदार्थाचे तुकडे करतं, पण सावकाश. ३० ते ४० अंशांच्या पाण्यात काही तास भिजत ठेवा. उकळत्या पाण्यात एन्झाइम निकामी होतं. कॉलरवरच्या तेलकट पट्ट्याला हे उत्तम. लोकर आणि रेशीम मात्र यापासून लांब ठेवा, कारण अशा पावडरीत बहुधा प्रथिनं तोडणारं एन्झाइमही असतं आणि हे दोन्ही धागे प्रथिनांचेच.

ग्रीसवर हेच लायपेज हात टेकतं. ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा खनिज तेल, ते लिथियमच्या साबणाने घट्ट केलेलं. लायपेज तोडतं तो बंध खनिज तेलात नसतोच. तिथे आधी मिनरल टर्पेंटाइन: कपडा उघड्या हवेत, आग आणि ठिणगीपासून दूर ठेवा, हातमोजे घाला, आतल्या शिवणीवर रंग टिकतो का ते बघा, मग फडक्याने टिपत राहा आणि फडक्याची जागा बदलत राहा. वास पूर्ण उडाल्यावर लिक्विड. टर्पेंटाइनचा वास असलेला कपडा मशीनमध्ये किंवा ड्रायरमध्ये गेला तर आग लागू शकते. काळ्या ग्रीसमध्ये बरेचदा ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे कण असतात. तेल निघालं तरी त्यांची राखाडी छटा उरते, आणि ती पूर्ण जाईल असं कुठल्याही बाटलीवर लिहिलं असलं तरी धरून चालू नका.

लिंबू आणि व्हिनेगर यांनी तेल विरघळत नाही, ते बाजूला ठेवा.

रेशमी किंवा ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेल्या कपड्यावर टाल्कम टाका, झटका, पाणी न लावता ड्रायक्लीनला द्या. देताना डागाभोवती दोऱ्याचा सैल टाका घाला आणि कशाचा डाग, किती दिवसांचा, आधी काय लावलंय हे सांगा. नुसतं ‘डाग आहे’ म्हटलं तर तो सापडायच्या आधीच कपड्यावर वाफेची इस्त्री फिरू शकते.