मावशींची दुपारची सुट्टी: सात महिन्यांनंतर

बेळगावात टिळकवाडीतल्या घरातूनच आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगा सव्वा वर्षाचा. त्याला सांभाळायला येळ्ळूरहून मावशी येतात, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. सात महिन्यांपूर्वी त्यांना दुपारी दीड ते अडीच सुट्टी ठरवून दिली.

त्याआधी आमची समजूत अशी, की बाळ झोपलं म्हणजे मावशींना आरामच. एकदा त्या आठवडाभर आल्या नाहीत, तेव्हा डोळे उघडले. बाळ झोपतं तेव्हा बाटल्या उकळा, दुपटी घड्या करा, आणि कान पाळण्याकडेच. ताट वाढून घेतलं की हा नेमका उठणार! त्यात आई-बाप घरातच. मी चहाला बाहेर आले की हा मला बघून भोकाड पसरणार, मी परत आत, आणि निस्तरायचं मावशींनी.

सासरे उद्यमबागेत फाउंड्रीत होते. ते म्हणाले, "आम्हाला पाच तासांनी अर्धा तास मिळायचाच." १९४८ च्या कारखाने कायद्यात तसं होतं, पण घरकामाला तो लागू नव्हता. घरकामगारांसाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यालाही भारतानं अजून मंजुरी दिलेली नाही. मग नियम आम्हीच केला: त्या तासात बाळ आमच्यापैकी एकाच्या अंगावर, झोपलेलं असो की जागं.

पहिले पंधरा दिवस फसले. मावशी मेथीची जुडी घेऊन बसायच्या. "नुसतं बसाय कसंतरीच वाटतंय बघा वैनी." शेवटी माडीवरची खोली दिली, पंखा, चटई, आतून कडी. दाराला कडी असणं हेच खरं औषध निघालं. आता जेवून अर्धा तास तरी पडतात.

तोटे आहेतच. माझं काम सातपर्यंत लांबतं. महिनाअखेरीला सुट्टी चारवर ढकलावी लागते, पण बुडवत नाही. अडीचला बाळ मला सोडत नाही, तो पाच मिनिटांचा गोंधळ रोजचाच. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तासाचा पगार कापता का?" नाही कापत. कापला असता तर सुट्टी कसली?

गेल्या आठवड्यात माझी मीटिंग लांबली. एक पस्तीसला दारावर टकटक.

"वैनी, धरा बघू ह्याला."