नाटामायसिनचे थेंब: औषध चांगलं, पण बाटली हलवली तरच

कापूस वेचणीपासून पऱ्हाटी उपटेपर्यंत, आणि रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात केळीचा घड कापताना, डोळ्याला काडी किंवा पान लागणं ही रोजचीच गोष्ट. ‘डोयामा कचरा गया’ म्हणून माणूस पाण्याचा हबका मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक ओरखडे दोन-तीन दिवसांत भरून येतात. जे भरत नाहीत त्यांच्यात काही दिवसांनी बुबुळावर पांढुरका, कोरडा दिसणारा डाग उमटतो. त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात आणि शेजारी कधी एखादा सुटा ठिपका दिसतो. हा बुरशीचा अल्सर, म्हणजे बुबुळावरची न भरणारी जखम. त्यावरचं पहिल्या पसंतीचं औषध म्हणजे नाटामायसिन ५ टक्के, आणि हे परीक्षण त्याच बाटलीचं.

औषध नवं नाही. १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं. अमेरिकेत डोळ्यांसाठी त्याला १९७८ मध्ये परवानगी मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते २०१७ मध्ये आलं. चीजच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणूनही हेच रसायन वापरतात, त्यामुळे ते ‘जहाल’ असल्याची भीती बाळगायचं कारण नाही. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा घटक असतो, नाटामायसिन त्याला चिकटतं आणि पेशीचं काम बंद पाडतं. पुढे सांगितलेली एक मोठी अडचण याच घटकापाशी येते, म्हणून तो लक्षात ठेवा.

जुनं आहे म्हणून ते मागे पडलेलं नाही, हे सिद्ध करणारी चाचणी भारतातच झाली. तामिळनाडू-पुदुच्चेरीतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर नाटामायसिन आणि व्होरिकोनाझोल हे दुसरं बुरशीनाशक यांची थेट तुलना झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्होरिकोनाझोल नवं, बुबुळात खोलवर शिरणारं, प्रयोगशाळेत दमदार. तेच जिंकेल असा अनेकांचा होरा होता. झालं उलटं. तीन महिन्यांनी नाटामायसिनच्या गटाची नजर अक्षरांच्या तक्त्यावर सरासरी जवळपास दोन ओळींनी सरस होती आणि फ्युजेरियम बुरशी असलेल्यांत तर चार ओळींनी. बुबुळाला भोक पडण्याचं किंवा तातडीने बुबुळ बदलावं लागण्याचं प्रमाणही व्होरिकोनाझोलच्या गटात जास्त निघालं, इतकं की ठरलेली रुग्णसंख्या पुरी होण्याआधीच भरती थांबवली. फ्युजेरियम मातीत आणि पिकांच्या अवशेषांत राहते, म्हणून शेतातली जखम म्हटली की ती संशयितांच्या यादीत वरच असते. फ्युजेरियम सोडून बाकीच्या बुरशींत दोन्ही औषधांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पुढे २०२२ मध्ये नेपाळमधल्या चाचणीत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाशी तुलना झाली, तीही नाटामायसिननेच जिंकली.

आता बाटली. हे पारदर्शक द्रावण नाही, दुधाळ सस्पेन्शन आहे. औषधाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, तरंगतात, आणि बाटली उभी ठेवली की खाली बसतात. न हलवता टाकलं तर सुरुवातीचे थेंब निव्वळ पाणी आणि तळाशी घट्ट गाळ. ‘आठ दिवस टाकलं, फरक नाही’ अशी तक्रार आली की आधी बाटली उजेडासमोर धरून तळ पाहावा. तिथे पांढरा थर घट्ट जमून बसलेला असेल तर औषध डोळ्यात पुरेसं गेलेलं नसावं. प्रत्येक वेळी झाकण लावूनच आठ-दहा सेकंद जोरात हलवायची, लगेच टाकायची.

टाकायची रीत सोपी आहे, पण घरोघरी चुकते. हात धुवा, मान मागे, खालची पापणी हलकेच ओढून तयार झालेल्या खळग्यात एकच थेंब. टोक पापणीला लागू देऊ नका. थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात मावतं जेमतेम ३०, त्यामुळे दोन थेंब टाकले तर दुसरा गालावरच जातो. नंतर दोन मिनिटं डोळा मिटून ठेवा. सोबत बाहुली रुंदावणारं होमॅट्रोपिन किंवा अॅट्रोपिन, कधी प्रतिजैविकही असतं. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

वेळापत्रकातच या औषधाचा खरा त्रास आहे. वर सांगितलेल्या अरविंदच्या चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला, मग तीन आठवडे पुरे होईपर्यंत दर दोन तासांनी असा क्रम होता. अल्सर मोठा असेल तर पहिले ४८ तास रात्रीही दर तासाला टाकायला सांगतात. वेचणीच्या हंगामात घरातलं एक माणूस याच कामासाठी मोकळं ठेवावं लागतं, ही अडचण कोणत्याच पत्रकावर लिहिलेली नसते. पाच मिलीच्या बाटलीत साधारण १०० ते १२० थेंब निघतात. जागेपणीचे १६ तास धरले तर एक बाटली पहिल्या आठवड्यातच संपते आणि पुढचे दोन आठवडे दुसरी. सांडलवंड धरून तीन लागतात असं समजा. तीन मिलीची बाटली मिळाली तर ती चारच दिवस पुरते. एकच घेऊन शहादा किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावर परत गेलं की पाचव्या दिवशी औषधाचा खंड पडतो, आणि बुरशीला खंड आवडतो. तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर हे औषध असेलच असं नाही, म्हणून धुळे किंवा जळगावहून निघतानाच पुरेशा बाटल्या घ्या. उघडलेली बाटली महिनाभराने टाकून द्यायची.

साठवणीचंही तसंच. मूळ अमेरिकी बाटलीवर २ ते २४ अंश तापमान लिहिलेलं आहे; मे महिन्यातल्या भुसावळात २४ अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात. फ्रिजच्या दारातल्या खणात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर काढू नका, कारण उजेडानेही औषध बिघडतं. फ्रिज नसेल तर माठाजवळची सावली बरी. पत्र्याच्या घरातला कोनाडा किंवा मोटारसायकलची डिकी अजिबात नको.

वापरताना डोळ्यात पांढरे कण दिसतात आणि घरचे घाबरतात: पू झाला! बहुतेक वेळा ते औषधच असतं, पापणीच्या खळग्यात आणि अल्सरच्या तळाशी साचलेलं. डॉक्टरांच्या बाजूनेही इथे गडबड होते. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा तपासायच्या दुर्बिणीखाली, हा थर डाग वाढल्यासारखा दिसतो. म्हणून तपासण्याआधी सलाईनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक बोळ्याने अल्सर हलकेच साफ करून मगच मोजमाप घ्यावं. आणि मोजमाप लिहूनच ठेवावं, उभं-आडवं मिलिमीटरमध्ये. बुरशीच्या बाबतीत पहिल्या काही दिवसांत डाग वाढला नाही, तरी ती प्रगतीच. कडा बोथट होणं, शेजारचे ठिपके विरणं, डोळ्याच्या पुढच्या पोकळीतल्या पूची पातळी उतरणं, दुखणं कमी होणं, ही चांगली चिन्हं. आठवडा-दहा दिवसांत यांतलं काहीच दिसलं नाही, तर थेंब वाढवत बसण्यापेक्षा निदान पुन्हा तपासावं. नुसती लाली आणि चुरचुर टिकून राहिली तर कधीकधी दोष औषधाचाच असतो. सततच्या थेंबांनी आणि त्यातल्या प्रिझर्वेटिव्हने वरची कातडी भरून येत नाही; तेव्हा डोस कमी करणं हाच उपचार.

उणीव नंबर एक: खोली. नाटामायसिनचा रेणू मोठा आहे, कण न विरघळणारे आहेत, बुबुळात ते फार आत जात नाही. वरच्या थरातल्या अल्सरला उत्तम, बुबुळाच्या मागच्या भागापर्यंत गेलेल्याला अपुरं. तिथे डॉक्टर व्होरिकोनाझोल १ टक्का जोडतात. पोटात घ्यायच्या व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांचं मात्र कौतुक आवरावं: गंभीर अल्सरवर भारत-नेपाळमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांनी सरसकट फायदा दाखवला नाही, आणि त्यांचा खर्च व यकृतावरचा भार आहेच.

उणीव नंबर दोन जास्त फसवी आहे. पायथियम इन्सिडिओसम नावाचा पाण्यात-चिखलात राहणारा जीव अगदी बुरशीसारखा अल्सर करतो, डाग खरवडून काचेवर घेतलेल्या नमुन्यात, म्हणजे स्लाइडवरही, बुरशीच्या धाग्यांसारखा दिसतो. पण तो बुरशी नाही आणि त्याच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतं. नाटामायसिनला चिकटायला जागाच नाही, मग कितीही टाका. डागापासून निघालेल्या शुंडांसारख्या रेषा, आजूबाजूला बारीक ठिपके, आणि नीट औषध देऊनही झपाट्याने वाढ, असं दिसलं की याचा संशय घ्यावा. स्लाइडवरचे धागे रुंद, फितीसारखे, आडव्या भिंती फार थोड्या. यावर लिनेझोलिड आणि अॅझिथ्रोमायसिन, म्हणजे चक्क जिवाणूंची औषधं वापरतात, आणि तरीही बऱ्याच जणांना बुबुळ बदलावं लागतं. ठिबक-पाटाच्या ओल्या शेतात काम करणाऱ्याला नाटामायसिन लागू पडलं नाही, तर ‘औषध बोगस’ म्हणण्याआधी ही शक्यता तपासायला हवी.

म्हणूनच पहिला थेंब पडण्याआधी खरवडणी करून घ्यावी. काम थोडक्या वेळाचं आहे: प्रोपॅराकेनने डोळा बधिर करायचा, १५ नंबरच्या ब्लेडने किंवा किमुरा स्पॅच्युलाने डागाची कड आणि तळ खरवडायचा, एका काचेवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्यावर ग्राम स्टेन, उरलेलं कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला. बुरशीचे धागे त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात. ज्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे पण खरवडणी न करताच ‘घ्या, टाकून बघा’ म्हणतात, तिथे या औषधाला गुण मिळत नाहीत, दोष मात्र मिळतो. खरवडल्याने वरचा मेलेला थर निघतो आणि नाटामायसिन आत जायला वाट होते, हा वरचा फायदा.

नाटामायसिनला सर्वांत जास्त बदनाम करतं ते मात्र त्याच्या आधी टाकलेलं औषध. मेडिकलवरून ‘लाल डोळ्याचं’ म्हणून मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशी मोकळी सुटते. खोक्यावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं काहीही असेल, तर काडी-पान लागलेल्या डोळ्यात ते टाकायचं नाही. जिभेने कचरा काढणं, मध, दूध, गोमूत्र हेही त्याच रांगेतले प्रकार. स्टेरॉइड आठवडाभर पडलेलं असेल तर नाटामायसिन सुरू होतं तेव्हा बुरशी खोल गेलेली असते, आणि खोलीचं गणित वर सांगितलंच.

बाटलीची पारख करताना नावावर जाऊ नका, घटकावर ‘नाटामायसिन ५ टक्के’ लिहिलेलं पाहा. सील शाबूत हवं, आणि दुकानातच बाटली हलवून बघा: तळाचा थर सहज मिसळला पाहिजे, गोळा होऊन बसता कामा नये. वर साध्या कागदी पिशवीत दुपारच्या उन्हातून नेणार असाल तर ओला रुमाल गुंडाळा. ताज्या, वरवरच्या, स्टेरॉइड न पडलेल्या बुरशीच्या अल्सरसाठी पाचपैकी साडेचार. खोल गेलेल्यासाठी एकट्याने अडीच. पायथियमसाठी शून्य, आणि तो दोष औषधाचा नाही.