संदर्भसूची : हाताने, झोटेरोत की मेंडेलीत?

संदर्भ लिहायला एपीए ही शैली घेऊ की शिकागो, असं विचारणारा एक तरी पीएच.डी.चा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. ते आपण ठरवायचं नसतं. नियतकालिक ठरवतं, आणि त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचनांत ते लिहिलेलं असतं. आपल्या हातात उरतं ते इतकंच, की ती शैली कशाने बसवायची आणि निबंध साभार परत आला तर दुसरीकडे पाठवण्यासाठी मोडून पुन्हा बसवायला किती रात्री जातील.

मोडतोड कितीशी असते? इरावती कर्वे यांचं एकच इंग्रजी पुस्तक घेऊ. (नोंद देवनागरीत लिहिली आहे, बघायचं ते विरामचिन्हांकडे.)

एपीए : कर्वे, आय. (1953). किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया. डेक्कन कॉलेज.

एमएलए : कर्वे, इरावती. किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया. डेक्कन कॉलेज, 1953.

व्हँकुव्हर : कर्वे आय. किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया. पूना: डेक्कन कॉलेज; 1953.

साल एकीकडे नावाला चिकटलेलं, दुसरीकडे शेपटाला. एकाला पूर्ण नाव हवं, दोघांना आद्याक्षर पुरतं. प्रकाशनाचं गाव एपीएने 2019 च्या सातव्या आवृत्तीत काढून टाकलं, शिकागोने 2024 च्या अठराव्या आवृत्तीत. व्हँकुव्हरला ते अजून लागतं. शिवाय व्हँकुव्हरमध्ये सूची आडनावांच्या क्रमाने लागत नाही, मजकुरात जो संदर्भ आधी आला तो पहिला. परीक्षकाने 'इथे अजून एक संदर्भ द्या' म्हटलं आणि तो चौथ्या जागी आला, की पुढचे सगळे आकडे सरकले. साठेक नोंदींचा एक निबंध मी व्हँकुव्हरमधून एपीएमध्ये हाताने आणला होता. चार संध्याकाळी गेल्या, आणि तरीही दोन पुस्तकं मजकुरात राहिली ती सूचीत आलीच नाहीत.

तरी हाताने करणाऱ्यांना मी हसत नाही. निबंध मराठी नियतकालिकासाठी आहे, नोंदी वीस-पंचवीस आहेत, तळटिपा 'तत्रैव' (लगेच आधीचंच पुस्तक) आणि 'उ. नि.' (वर उल्लेखलेलं) पद्धतीच्या हव्या आहेत, तर हातच बरा. फक्त 'तत्रैव' सगळ्यात शेवटी घाला. परिच्छेद वर-खाली केला की तो बिचारा भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतो. वर्डमधली संदर्भांची आयती सोय मात्र टाळा; त्यातली एपीए कित्येक संगणकांवर अजून सहाव्या आवृत्तीचीच असते.

नोंदी पन्नासच्या वर गेल्या, किंवा तोच विषय पुढे प्रबंधात जाणार असला, तर झोटेरो की मेंडेली हा प्रश्न खरा. नोंदी साठवून त्यांची सूची आपोआप बसवणारे हे दोन प्रोग्रॅम. दोन्ही फुकट. दोन्हींत ब्राउझरमधून एका टिचकीत नोंद येते आणि वर्डमध्ये संदर्भ घालता येतो. शैलींच्या फायलीही दोघांच्या एकाच, सीएसएल नावाच्या पद्धतीच्या. त्यामुळे 'मेंडेलीची एपीए जास्त बरोबर असते' वगैरे ऐकलंत तर सोडून द्या. चुका नोंदीत असतात. शीर्षक सगळं कॅपिटल अक्षरांत खेचलं गेलं असेल, तर सूचीतही ते तसंच ओरडत राहणार.

फरक दुसरीकडे आहे. मेंडेली 2013 पासून एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीची आहे. पीडीएफ ठेवायला 2 जीबी जागा मिळते, झोटेरोत फुकट 300 एमबीच. स्कॅन केलेली पुस्तकं साठवणाऱ्याला 300 एमबी म्हणजे काहीच नाही. पण नोंदी स्वतः त्या जागेत मोजल्या जात नाहीत, आणि पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवल्या तर प्रश्न मिटतो. झोटेरो 2006 मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं आणि मुक्तस्रोत आहे. ते वर्डबरोबर लिबरऑफिस आणि गूगल डॉक्समध्येही चालतं. मेंडेलीची आताची जोडणी वर्डपुरती. मार्गदर्शक गूगल डॉक्समध्येच शेरे मारत असतील, तर तुमचा निर्णय इथेच झाला. मेंडेलीने 2021 मध्ये मोबाइल ॲप बंद केलं आणि पुढच्या वर्षी जुना डेस्कटॉप प्रोग्रॅम उतरवून घेणंही बंद केलं. प्रबंधाची पाच-सहा वर्षं ज्याच्या भरवशावर काढायची, त्याच्या बाबतीत मला हे खटकतं.

तुमचे सगळे संदर्भ इंग्रजी आणि डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असलेले असतील, साठा पीडीएफचा असेल आणि लिहिणं वर्डमध्येच असेल, तर मेंडेलीत काही अडत नाही. मराठी साधनं निघाली की मात्र मी झोटेरोच सांगते, तेही पुढच्या कटकटी धरून.

आद्याक्षरं आधी. 'वि.' हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला दोन खुणा : व आणि वेलांटी. 'श्री.' तर चार. शैलीने पहिली खूण उचलली तर विष्णूचा 'व.' होतो. म्हणून देवनागरी नोंदीत आद्याक्षरं स्वतःच टंकायची, आणि सूचीत नीट उतरली का ते बघायचं. दुसरं, इंग्रजी पुस्तकातल्या 'आय. कर्वे' आणि मराठी पुस्तकातल्या 'इ. कर्वे' या प्रोग्रॅमच्या लेखी दोन वेगळ्या बाया. इंग्रजी निबंधात मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत आणि चौकटी कंसात त्याचं भाषांतर, असं एपीए मागतं. तिथे लेखिकेचं नावही रोमनच ठेवा, म्हणजे दोघी एकत्र येतील.

क्रमाचा घोळ तर कुणाच्या लक्षातही येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, ळ हा ल च्या मागोमाग बसवला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावलेल्या सूचीत काळे, कावळे, काशीकर असं येतं. मराठी शब्दकोशाच्या सवयीने कावळे, काशीकर, काळे हवं. मराठी नियतकालिकाला पाठवताना शेवटचा हात इथे फिरवावाच लागतो.

आणि शके. साल या रकान्यात इसवी सनच घाला, म्हणजे शके अधिक 78, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना 79. नाहीतर शके 1830 चं पुस्तक सूचीत पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांनी छापलेलं ठरतं. मूळ शक टिपेत लिहून ठेवा.

याच कामाच्या एंडनोट या प्रोग्रॅमला पैसे पडतात; विद्यापीठाने घेऊन दिलं असेल तर वापरा, पदरचे घालू नका. गणित किंवा भौतिकशास्त्र असेल तर तुम्ही लाटेक या टंकजुळणीच्या प्रणालीतच लिहीत असाल. तिथे देवनागरी नोंदी असतील तर सूचीसाठी 1985 च्या जुन्या बिबटेकऐवजी बिबलाटेक आणि बायबर ही जोडी घ्या, तिला युनिकोड कळतं.

पाठवायच्या दिवशी फाइलची एक प्रत काढा आणि त्या प्रतीतच झोटेरोचे दुवे तोडा, म्हणजे संदर्भ साधा मजकूर होतात. ळ चा क्रम, 'एट अल.'च्या जागी 'व इतर', हे हातचे बदल त्या प्रतीत करा. मूळ फाइलमध्ये केलेत, तर पुढच्या वेळी सूची ताजी होताना सगळे पुसले जातील. आणि ती मूळ फाइल जपून ठेवा; निबंध परत आला तर तीच लागणार आहे.