घड्याळ म्हणालं ४२, कार्डिओग्राम म्हणाला ८४

आमच्या ह्यांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्के. मोजून पाणी, बेताचं मीठ, पाय सुजले का ते दाबून बघायचं आणि रोज सकाळी वजनकाटा, असा चार वर्षांचा संसार. दिवाळीला मुलाने पुण्याहून ईसीजी काढणारं घड्याळ पाठवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार मनगटावरच्या आकड्याबद्दल आहे, आणि तो आकडा सगळेच दाखवतात.

पहिले पंधरा दिवस मजेत गेले. मग एका रात्री घड्याळाने नाडी ४२ दाखवली. बोटाला ऑक्सिमीटर लावला, तोही ४२. दोघांची साक्ष जुळली म्हटल्यावर माझे हातपाय गळाले. नाडी कमी करणारी रात्रीची गोळी मी दिलीच नाही आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. तिथे कार्डिओग्रामवर ठोके ८४!

डॉक्टरांनी पट्टी समोर धरून दाखवली. "काकू, हा नीट ठोका, हा घाईत आलेला. परत नीट, परत घाईतला. घाईतल्याच्या वेळी कप्पा भरलेलाच नसतो, त्यामुळे त्याचं रक्त मनगटापर्यंत जाणवत नाही. घड्याळ फक्त पोचलेले ठोके मोजतं." ऑक्सिमीटरही तेच करतो, म्हणजे साक्षीदार दोन पण चूक एकच. गोळी मनाने चुकवल्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळी.

ईसीजीची सोय मात्र अगदीच टाकाऊ नाही. दुसऱ्या हाताचं बोट बटणावर ३० सेकंद धरायचं. ह्यांची बोटं गार आणि कोरडी, त्यामुळे आधी ओल्या फडक्याने पुसावी लागतात. निकाल बहुतेक वेळा 'अनिर्णित'. त्याला मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, ओळखायला शिकवलंय, ह्यांचे घाईत येणारे जादा ठोके त्याच्या हिशेबात बसत नाहीत. पण तीच पट्टी फोनवर बघून डॉक्टरांनी दोन मिनिटांत ते ओळखले. चार्जिंग दीड दिवस टिकतं, आणि ह्यांची धडधड नेमकी पहाटेची, घड्याळ चार्जरवर असतानाची.

शेवटी हॉल्टर लावला, म्हणजे दिवसरात्र अंगावर राहून सलग कार्डिओग्राम टिपणारं यंत्र. छातीवरचे केस काढून चिकटपट्ट्या, कमरेला डबी, २४ तास आंघोळ नाही. नॉर्मन हॉल्टर या अमेरिकन संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यायचं होतं आणि वजन ३८ किलो, हे ऐकून ह्यांची कुरकुर जरा थांबली. सोबतच्या वहीत ह्यांनी लिहिलं: '४.१० धडधड. ४.२५ चहा मागितला, मिळाला नाही.' रिपोर्टमध्ये पहाटे चारनंतरच जादा ठोक्यांची गर्दी दिसली आणि औषध बदललं. अर्थात हॉल्टरलाही दिवस साधावा लागतो. गेल्या वर्षीचा अगदी स्वच्छ आला होता, धडधड त्या दिवशी आलीच नव्हती.

घड्याळाला पाचपैकी अडीच तारे, तेही पट्टीसाठी. आकड्याला शून्य.

दवाखान्यातल्या सिस्टरने मला स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवलंय. सेकंदकाट्यासाठी ह्यांचं जुनं एचएमटी कपाटातून काढलंय. मी मोजत असताना हे बोलतात, मग परत एकपासून सुरू.