एआयने केलेले 'ऑफिस फोटो': फोटो चांगला, पण चेहरा कोणाच्या ताब्यात?

नोकरीच्या अर्जासाठी, लिंक्डइनसाठी किंवा संस्थेच्या संकेतस्थळासाठी लागणारा ब्लेझरमधला फोटो घरबसल्या करून देणाऱ्या एआय सेवा आता मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांच्याही चांगल्याच परिचयाच्या झाल्या आहेत. छत्रपती संभाजीनगरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्लेसमेंट विभागात मी काम करते. पैठण, सिल्लोड, वैजापूर, कन्नड या भागांतून आलेली मुले-मुली वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्यांना अर्ज करताना असे फोटो वापरू लागली आणि "मॅडम, हे सुरक्षित असतं का?" असे विचारू लागली, तेव्हा ऐकीव उत्तर देण्यापेक्षा एक सशुल्क सेवा स्वतः वापरून पाहावी, असे मी ठरवले. सेवेचे नाव देत नाही, कारण मला खटकलेल्या अटी मी वाचलेल्या इतर काही सेवांमध्येही थोड्याफार फरकाने आहेत. माझे मत आधीच सांगते: फोटो चांगला मिळतो, पण आपल्या चेहऱ्याची माहिती पुसून घेण्याचा हक्क ग्राहकाला नीट बजावता येत नाही, आणि जोवर तो येत नाही तोवर मी ही सेवा विद्यार्थ्यांना सुचवणार नाही.

वापरायची पद्धत सोपी आहे. वेगवेगळ्या प्रकाशात, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले डझनभर सेल्फी अपलोड करायचे, पोशाख आणि पार्श्वभूमी निवडायची, पैसे भरायचे, की तासा-दोन तासांत चाळीस फोटो तयार होतात. किंमत अडीच हजार रुपयांच्या आसपास पडली. चाळीसपैकी पाच-सहा फोटो खरोखर वापरण्याजोगे होते. प्रकाश मऊ, पार्श्वभूमी स्वच्छ, नजर सरळ. बाकीच्यांत मात्र चेहरा माझ्यासारखा, पण माझा नव्हे. मी पाठवलेल्या बहुतेक सेल्फींमध्ये साडी होती आणि गळ्यात मंगळसूत्र होते. एका फोटोत त्याचे काळे मणी गळ्यावरून खाली येता येता ब्लेझरच्या कॉलरमध्ये विरघळून गेले होते आणि दोन वाट्यांऐवजी एकच वाटी उरली होती. डाव्या भुवईवरचा माझा लहानपणचा व्रण बहुतेक फोटोंतून नाहीसा झाला होता, तर एकात तो उजव्या भुवईवर होता. रंग जवळजवळ सगळीकडे एक-दोन छटांनी उजळला होता. तसे मी काहीही मागितले नव्हते.

हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातील आशियाई वंशाच्या एका विद्यार्थिनीने आपला फोटो अधिक व्यावसायिक करून द्यावा, असे एका एआय साधनाला सांगितले, तेव्हा त्याने तिला गोरी आणि निळ्या डोळ्यांची करून टाकले होते. त्याआधी २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या होत्या. त्यात गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकांचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत होते, तर सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले होते. आपल्याकडची सावळी मुलगी मुलाखतीला समोर बसली आणि अर्जावरचा चेहरा तिच्याहून उजळ निघाला, तर संशय सॉफ्टवेअरवर नव्हे, तिच्यावर घेतला जातो. सरकारी अर्ज, पारपत्र आणि परीक्षेचे प्रवेशपत्र यांसाठी असले फोटो वापरूच नयेत, हे मी आमच्या मुलांना स्पष्ट सांगते.

आता मुख्य मुद्दा. या सेवेला एक फोटो न पुरता डझनभर का लागतात, हे समजले की धोका नेमका कुठे आहे तेही समजते. गूगल आणि बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये 'ड्रीमबूथ' नावाची पद्धत मांडली. आधीच तयार असलेल्या चित्र-मॉडेलला, म्हणजे असंख्य चित्रांवरून शिकून नवी चित्रे तयार करणाऱ्या एआय प्रणालीला, एखाद्या व्यक्तीचे किंवा वस्तूचे मोजके फोटो दाखवून तेवढ्यापुरते पुन्हा शिकवायचे, म्हणजे ते मॉडेल ती व्यक्ती कोणत्याही वेशात आणि कोणत्याही ठिकाणी उभी करू शकते. मी वापरलेली सेवाही आपल्या माहितीपानावर 'तुमच्यासाठी खास मॉडेल शिकवले जाते' असेच सांगते. याचा अर्थ, काम संपल्यावर कंपनीकडे माझ्या दोन गोष्टी राहतात: मी पाठवलेले सेल्फी आणि माझ्या चेहऱ्यावर शिकवलेले मॉडेल. फोटो हा शिक्का मारलेला कागद असेल, तर मॉडेल हा शिक्काच आहे. कागद परत मिळाला तरी शिक्का ज्याच्याकडे आहे त्याला पुढचे कितीही कागद तयार करता येतात. सगळ्याच सेवा असे मॉडेल शिकवत नाहीत, काही नव्या सेवा एकाच फोटोवरून चेहऱ्याची आकड्यांतली नोंद काढून काम भागवतात. पण ती नोंदही चेहऱ्याचीच असते आणि तिच्याबद्दल विचारायचे प्रश्न तेच असतात.

गोपनीयता धोरणात अपलोड केलेले सेल्फी तीस दिवसांनी पुसले जातात, असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि बहुतेक ग्राहक तेवढेच वाचून निश्चिंत होत असावेत. मॉडेलचा उल्लेख मात्र बराच खाली येतो, आणि ते 'सेवा देण्यासाठी आवश्यक असेपर्यंत' ठेवले जाईल, असे तिथे म्हटले आहे. आवश्यक म्हणजे किती दिवस आणि ते ठरवणार कोण, याचा खुलासा नाही. खाते बंद करण्याचे बटण दिलेले आहे, पण त्याने मॉडेल जाते की नाही, हे बटणापाशी लिहिलेले नाही. मी ई-मेलने विचारणा केली. उत्तर सौजन्याने आले, पण ते फक्त सेल्फींबद्दल होते. मॉडेलबद्दल पुन्हा स्पष्ट विचारले, तेव्हा ते 'निष्क्रिय करण्यात आले आहे' असे कळवले गेले. निष्क्रिय करणे आणि पुसणे यांत फार अंतर आहे. जे निष्क्रिय आहे ते उद्या सक्रिय करता येते, आणि कंपनी विकली गेली किंवा सर्व्हर फोडला गेला तर ते दुसऱ्याच्या हाती पडू शकते. मॉडेल पुसल्याची तारखेसह लेखी पोच मी मागितली होती, ती मिळालेली नाही.

ही अपेक्षा अवाजवी नाही. 'एव्हर' नावाच्या फोटो साठवणाऱ्या अ‍ॅपने खाते बंद केलेल्या ग्राहकांचे फोटो पुसले नाहीत आणि ग्राहकांच्या फोटोंवर चेहरा ओळखण्याचे तंत्र विकसित केले, असा ठपका अमेरिकेत ग्राहकांचे हित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ठेवला होता. २०२१ मध्ये झालेल्या समझोत्यात त्या कंपनीला फोटोंबरोबरच त्या फोटोंवरून घडवलेली मॉडेलेही नष्ट करण्यास सांगण्यात आले. म्हणजे मॉडेल पुसण्याचा आदेश देता येतो आणि तो पाळताही येतो.

सेटिंगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली. 'माझे फोटो नमुना म्हणून दाखवण्यास हरकत नाही' अशा आशयाच्या वाक्यापुढे आधीपासूनच खूण केलेली होती. ती मी काढली, पण ती शोधायला तीन पाने ओलांडावी लागतात. आमच्या ओळखीच्या एखाद्या मुलीचा चेहरा परदेशी संकेतस्थळाच्या जाहिरातीत झळकला आणि तो गावात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरला, तर तिच्या घरी काय होईल, याची कल्पना ही खूण करून ठेवणाऱ्याला नसेल, मला आहे.

अपलोड करताना आपल्याबरोबर इतरांचीही माहिती जाते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. अनेक विद्यार्थ्यांकडे स्वतःचे एकट्याचे चांगले फोटो नसतात. मग चुलत भावाच्या लग्नातला घोळका कापून पाठवला जातो, त्यात वहिनीचा अर्धा चेहरा आणि मांडीवरचे लेकरूही जाते. फोनमधून काढलेल्या मूळ फोटोत वेळ आणि लोकेशन चालू असल्यास ठिकाणही नोंदलेले असते, म्हणजे घराच्या ओसरीवर काढलेल्या सेल्फीतून घर कुठे आहे तेही कळू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या फोटोसारखा पाठवला तर ही नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून मग फोटो काढणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

सर्वांत जास्त अस्वस्थ मला आमच्या विभागातल्या एका सहकारी मॅडमच्या फोटोंनी केले. त्यांनी पाठवलेला प्रत्येक सेल्फी ओढणी घेतलेला होता. तरीही आलेल्या फोटोंपैकी दोन-तीन फोटोंत गळा असा खोल दाखवलेला होता की त्यांनी ते लगेच पुसून टाकले आणि कोणाला दाखवलेही नाहीत. त्यांनी ऑफिसचा पोशाख निवडला होता. हा प्रकार नवा नाही. २०२२ च्या अखेरीस लेन्सा अ‍ॅपची एआय चित्रे जगभर गाजली, तेव्हाही आपण न मागता आपली तोकड्या कपड्यांतली चित्रे तयार झाल्याच्या तक्रारी अनेक स्त्रियांनी केल्या होत्या. आधीच्या मॉडेलने इंटरनेटवरून जे शिकून घेतले आहे ते नव्या फोटोत उतरते, हे त्याचे कारण. ते समजून घेता येते, पण पैसे घेऊन 'व्यावसायिक' म्हणून विकलेल्या सेवेत असा फोटो ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी चाळून काढण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, आणि ती येथे पाळली गेली नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण अजून पूर्ण ताकदीने नाही. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू होण्यास त्या नियमांत अठरा महिन्यांची मुदत आहे. भारतातल्या लोकांना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही हा कायदा लागू होतो, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे असे तो सांगतो, माहिती पुसून मागण्याचा हक्क देतो आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. आमच्या पहिल्या वर्षातली कित्येक मुले सतरा वर्षांची असतात आणि मी वापरलेल्या सेवेने वयाची विचारणा एका खुणेपुरती केली. आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्यासारखी आहे: आपण स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे सगळ्यांना दिसेल असा प्रोफाइलवर टाकलेला फोटो आणि एखाद्या सेवेला खासगीत दिलेले सेल्फी यांचे संरक्षण सारखे नाही.

"चेहरा तर सगळ्यांनाच दिसतो, त्यात लपवायचे काय?" असे मला अनेकांनी विचारले. त्यांना मी घरातलीच उदाहरणे देते. निवृत्त मंडळी हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून भरतात. पीएम-किसानच्या ई-केवायसीसाठी २०२३ पासून चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय झाली आहे. या प्रणाली समोर जिवंत माणूस आहे की नाही हे तपासतात, त्यामुळे एका फोटोने त्या फसतात, असे मी म्हणत नाही. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, आणि ज्या चेहऱ्यावर अनुदान आणि पेन्शन अवलंबून आहे त्याचे मॉडेल अनोळखी सर्व्हरवर ठेवताना दहा वेळा विचार करायला हवा.

टेलिग्रामवरचे बॉट (माणसाऐवजी आपोआप काम करणारी खाती) आणि लिंकवरून उतरवायची फुकट अ‍ॅप्स यांच्या वाटेला तर जाऊच नये. तिथे धोरण नसते, पत्ता नसतो, तक्रार करायला माणूस नसतो. अशा फोटोंचा गैरवापर झाल्याचे लक्षात आले तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर विनाविलंब तक्रार नोंदवावी. फसवणुकीत पैसे गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा.

तुलनेसाठी मी उस्मानपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत फोटो काढून घेतला. काही शे रुपयांत काम झाले, व्रण जिथे होता तिथेच राहिला, आणि पेन ड्राइव्हवर फोटो घेतल्यावर फोटोग्राफर दादांनी आपणहून विचारले, "मॅडम, कॉम्प्युटरवरचा काढून टाकू का?" आणि माझ्यासमोर काढून टाकला. सगळेच स्टुडिओ असे करतात, असा माझा दावा नाही; कित्येकांच्या हार्ड डिस्कवर वर्षानुवर्षांचे पासपोर्ट फोटो पडून असतात. पण तिथे समोरासमोर विचारता येते. ज्या विद्यार्थ्याला तेही परवडत नाही त्याने सकाळी नऊच्या आत, ऊन चढण्यापूर्वी, महाविद्यालयाच्या व्हरांड्यात साध्या भिंतीपुढे मित्राकडून फोटो काढून घ्यावा. कंपन्यांना तो चालतो, हे मी अनुभवाने सांगते.

तरीही ज्यांना एआय सेवा वापरायचीच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: माझे मॉडेल किती दिवसांत पुसाल आणि पुसल्याचे मला कळवाल का? उत्तर टाळले गेले तर पैसे भरू नयेत. परदेशी संकेतस्थळावर कार्ड वापरताना ओटीपी न येताच रक्कम कापली जाऊ शकते, म्हणून पैसे एकदाच जाणार आहेत की दर महिन्याला, तेही पाहावे.

मी वापरलेल्या सेवेला फोटोच्या दर्जासाठी पाचपैकी तीन आणि गोपनीयतेसाठी पाचपैकी एक गुण देते. मॉडेल पुसल्याची पोच आली, तर दुसरा आकडा वाढवीन.