साधा गार्ड की गनमॅन?

सोलापुरात सिक्युरिटीत शिरू पाहणाऱ्या पोरांपुढे हे दोन रस्ते असतात. एजन्सीवाले 'लायसन्स काढून देतो' म्हणत पैसे मागतात, तेव्हा एक लक्षात ठेवा: २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानुसार परवाना एजन्सीला लागतो, गार्डला नाही. गार्डला हवं वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण: वर्गात १०० तास, मैदानावर ६० तास. माजी सैनिकांना यात बरीच सूट आहे. हे प्रशिक्षण कागदावर उरकू देऊ नका. चिंचोळी एमआयडीसीच्या गेटवर रात्री ट्रक आला की चलन, सील आणि गाडी नंबर तिन्ही जुळवून मगच रजिस्टरला नोंद करायची. आग लागली तर ती विझवायला कोणता सिलिंडर उचलायचा, हेही प्रशिक्षणातच शिकायचं असतं.

गनमॅनचं वेगळं. तिथे शस्त्रपरवाना माणसाच्या नावावर निघतो, वय किमान २१. शहरात पोलीस आयुक्तालयात अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात. पगार जास्त, पण जबाबदारी आणि चौकशाही तितक्याच.

माझं स्पष्ट मत: आधी गेट सांभाळा. बंदुकीसाठी कर्ज काढून तर मुळीच जाऊ नका.